त्यांचे किती झाले?

९ नोव्हेंबर, शुक्रवार

सोल्वेग असती तर ही वही लागली नसती. सामन्याहून घरी आलो की ती चुलीपाशी उभ्याउभ्याच विचारायची, "किती?" मी बूट काढता काढता सगळं सांगायचो. कोण पडलं, कोणी पाडलं, रेफ्री कसा आंधळा होता. आणि सामना हॅल्डनशी असला की तिचा दुसरा प्रश्न ठरलेला, "त्यांचे किती झाले?" चाळीस वर्षं डोब्रिनमध्ये संसार केला, पण माहेर हॅल्डनचं ते हॅल्डनचंच राहिलं. मी चिडायचो. ती हसायची.

आता घरी येतो तेव्हा विचारणारं कोणी नाही. सांगायची सवय मात्र जात नाही. म्हणून ही वही.

तर आज बर्फावरच्या हॉकीचा मोसमातला पहिला सामना, आपल्याच रिंकवर, हॅल्डनशी. आम्ही तीन, ते दोन. शेवटची पाच मिनिटं श्वास घेतला नाही मी. नवा गोलरक्षक चांगला आहे, पण रेफ्री म्हणजे पोरंटोरं. शिटी फुंकायलाही छातीत दम नाही. खेळ थांबला की मग कळायचं शिटी झाली म्हणून.

एक गोष्ट विचित्र. घंटा वाजली नाही.

हॅल्डनचा गोल झाला की गुणफलकाखालच्या कोपऱ्यात तो लाल टोपीवाला उभा असतो, तो गायीच्या गळ्यातली घंटा वाजवतो. तीस-बत्तीस वर्षं वाजवतोय. असा आवाज, की दाढ दुखायला लागावी. मी इकडून ओरडायचो, "गाय हरवली का रे?" तो तिकडून, "नाही, तुझ्या गोलरक्षकाला चारायला आणलीय!" एवढीच आमची ओळख. त्याचं नाव मला माहीत नाही, माझं त्याला नसावं.

आज त्यांचे दोन गोल झाले आणि कोपरा रिकामा. शेजारी राहणाऱ्या विल्फला म्हटलं, "घंटावाला दिसत नाही आज." विल्फ म्हणाला, "दिसत नाही खरा," आणि पुढे मफलरमध्ये काहीतरी पुटपुटला. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात.

बरं झालं. कटकट गेली.

२१ नोव्हेंबर

ल्युथरन चर्चचं सभागृह गरम ठेवणारी भट्टी बंद पडली. गेल्याच आठवड्यात मी तळघरात उतरून, डोळे मिटून, तिच्या अंगावर हात ठेवून ऐकून आलो होतो. ठणठणीत होती. आज पंख्याचं बेअरिंग पार जळालेलं. मिसेस ओडगार्ड म्हणाल्या, "मिस्टर पावलुक, आठवडाभर किंचाळत होती हो ती. तुम्ही आलात तेव्हासुद्धा." मी म्हटलं, बाई, पंचेचाळीस वर्षं या गावाच्या भट्ट्या मी कानानं ओळखतोय. उसना पाना आणि दुसऱ्याची गाडी घेऊन धंदा सुरू केला तो या दोन कानांवर. किंचाळत असती तर मला नसतं ऐकू आलं?

त्या काही बोलल्या नाहीत. किंवा बोलल्या असतील, हळू.

बेअरिंगचे पैसे लावले नाहीत. चर्चचं काम.

२५ नोव्हेंबर

रविवार, म्हणून लॅरिसाचा फोन. माझी मुलगी रेजायना शहरात शाळेत शिकवते, तीस पोरांना गप्प बसवते, आणि माझ्याशी बोलताना मात्र तोंडात गोळी धरल्यासारखी बोलते. बाबाला ती तातो म्हणते. तिचं पालुपद तेच, "तातो, एकदा कान दाखवून घ्या." मी म्हटलं, कानाला काय झालंय? तू नीट बोल. ती म्हणाली, "मी ओरडतेय, तातो." पुढे फोन बिघडला.

१ डिसेंबर

आज सामना हॅल्डनला, त्यांच्या रिंकवर. चाळीस किलोमीटर गाडी हाकत गेलो, विल्फ बाजूला घोरत होता. हरलो. त्यांचे चार, आमचे दोन.

चार गोल त्यांचे, स्वतःच्या घरात, आणि घंटा नाही! कोपऱ्यात लाल टोपी नाही. पहिल्या गोलाला मी वळून पाहिलं. दुसऱ्याला उठून उभा राहिलो. तिसऱ्याला विल्फ म्हणाला, "बैस ना, मागच्यांना दिसत नाही."

मध्यंतरात फ्राइज आणायला गेलो. खिडकीत एक पोरगी होती, गोड, लाजरी, आवाज चिमणीएवढा. इतक्या वर्षांच्या वैऱ्याची चौकशी करायची म्हणजे मलाच संकोच वाटला. तरी विचारलं, "तो तुमचा घंटावाला, त्याचं काय झालं?" तिचा चेहरा पडला. काहीतरी बोलली. गर्दीत ऐकू आलं नाही. मी म्हटलं, काय? तिनं मान हलवली आणि बोट खाली केलं. जमिनीकडे.

फ्राइज तशाच कचऱ्यात टाकल्या.

परत येताना विल्फला काही सांगितलं नाही. वाटभर माझ्या मनात एकच, त्याचं नावसुद्धा विचारलं नाही मी कधी.

२ डिसेंबर

सकाळी जुनी स्टिक काढली, मी तिशीत खेळायचो ती, आणि पुढच्या दाराशी उभी केली. व्हरांड्यातला दिवा लावून ठेवला. हॉकीचं माणूस गेलं की इकडे असंच करतात. वैरी झाला म्हणून काय झालं, माणूस हॉकीचाच होता.

दुपारी विल्फ आला. "कोण गेलं?"

"हॅल्डनचा एकजण."

"नाव काय?"

"ते माहीत नाही."

विल्फ पायऱ्या उतरला. मग घरी जाऊन त्यानंही आपली स्टिक बाहेर ठेवली. अंधार पडेपर्यंत आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक दारात स्टिक उभी आणि दिवा चालू. कोण गेलं हे कोणी कोणाला विचारलं नाही. हे गाव मला म्हणूनच आवडतं.

सोल्वेग गेली तेव्हा कोणी स्टिक ठेवली नव्हती. ती कुठे हॉकीची होती? ती नुसती माझ्या शेजारी गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसायची. घंटा वाजली की गालातल्या गालात हसायची. माहेरचा गोल, दुसरं काय! शेवटची तीन वर्षं श्वासाच्या दुखण्यानं तेही सुटलं, मग चुलीपाशी 'किती?' विचारणं आलं.

८ डिसेंबर

आज जे झालं ते लिहावं की नाही, असा विचार करत चहा थंड केला.

घंटावाल्याच्या घरी भेटून यावं असं ठरवलं. चर्चच्या बायकांकडून पिरोगींचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, मोठा ट्रे घेतला, कांदा परतून वर घातला, काळा कोट चढवला. हॅल्डनच्या पेट्रोल पंपावर विचारलं, घंटावाल्याचं घर कुठलं? पंपावरच्या माणसानं माझ्या कोटाकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, आणि धान्याच्या कोठारामागचं हिरवं घर दाखवलं.

दार वाजवलं. उघडलं. समोर लाल टोपी.

टोपीखाली माणूस होता. म्हातारा, जाड भुवयांचा, एका हातात काठी.

"काय हवंय?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज कोठारासारखा, घुमणारा. तो मला स्वच्छ ऐकू आला.

मी ट्रे पुढे केला. तोच म्हणाला, "थांब! तू डोब्रिनचा तो ओरड्या ना? वरच्या रांगेतला?"

"हो."

"आणि हा काळा कोट कशाला? कोण मेलं?"

"तुम्ही," मी म्हटलं.

तो दाराला धरून इतका हसला की मला वाटलं माझा निरोप आता खरा होतो. मग आत वळून ओरडला, "एफी! मी मेलोय! पिरोगी आल्यात!"

त्याचं नाव मर्डो गिलिस. बायको एफी, बुटकी, चष्मेवाली. मला खुर्चीत बसवलं. मी नाव सांगितलं, ऑरेस्ट, आणि मग सगळं सांगितलं. रिकामा कोपरा, सहा गोल, सहाही मुके, फ्राइजवाल्या पोरीनं दाखवलेलं बोट.

"अरे, ती माझी नात!" मर्डो म्हणाला. "आजोबा खाली बसतात म्हणून दाखवत होती. माझे गुडघे गेले, उभं राहवत नाही. आता मी खाली पेनल्टीच्या खोक्याशेजारी बसतो, उशी घेऊन. तिथून तुला मी दिसणार कसा?"

"पण घंटा?"

मर्डोचं हसू थांबलं. "ऑरेस्ट, घंटा मी वाजवतोय. प्रत्येक गोलाला. दोन्ही हातांनी. तू एकदाही ओरडला नाहीस. मला वाटलं, मी कधीतरी काही लागट बोललो असेन. एफीला म्हटलंसुद्धा, तो डोब्रिनवाला माझ्यावर रागावलाय."

मी ट्रेवरचं झाकण काढत बसलो. 

तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मग हळूच म्हणाला, "एफी तुला तिसऱ्यांदा विचारतेय, चहात दूध घालू का?"

मी वळलो. एफी माझ्या मागे हातभर अंतरावर किटली घेऊन उभी होती.

तेव्हा मला चर्चची भट्टी आठवली.

पिरोगी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या, म्हणजे त्या दोघांनी तरी तसं म्हटलं. विषय बदलावा म्हणून मर्डोनं फळीवरची घंटा काढून माझ्यापुढे ठेवली, आतल्या लोळीला फडकं गुंडाळलेलं. पत्र्याची, काळी पडलेली, चामड्याचा पट्टा. इतकी वर्षं शिव्या घातल्या तिला, जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. पट्ट्यावर डाग दिलेला होता. एक A, आणि खाली आडवी रेघ.

ही खूण मी ओळखतो. आमच्या घरातल्या दोन दुधाच्या बरण्यांवर आहे, एका खुर्चीवर आहे. आसेनांची खूण. सोल्वेगच्या बापाची.

"ही कुठून आणलीत?"

"म्हाताऱ्या आसेनचं शेत लिलावात गेलं तेव्हा. खोकंभर मोडकं सामान घेतलं, त्यात ही होती. त्याची मुलगी तिथंच सामान दाखवत होती. मी म्हटलं, ही मी हॉकीला वाजवीन. तर म्हणते, 'जोरात वाजवा. माझा नवरा वरच्या रांगेत बसतो, फार तोंड आहे त्याला.'" मर्डो हसत होता. मग माझा चेहरा पाहून थांबला. "तू?"

"मी."

"देवा," एफी म्हणाली. हे मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

तीस-बत्तीस वर्षं. माझ्या शेजारी बसून ती हसायची ते गोलाला नव्हे.

मी म्हटलं, "सोल्वेग गेली, मर्डो. एकदा वाजवा. इथं, माझ्या कानाशी."

त्यानं घंटा उचलली, आणि परत ठेवली. "नाही जमणार. गोल झाल्याशिवाय ही वाजत नाही. तिनंच अट घातली होती. म्हणाली, आमच्याकडे गाय घरी आली की ही वाजायची, उगीच कोणी हलवायचं नाही. मी शब्द दिलाय तिला. आजवर एकदाही मोडला नाही. ती नसताना आता मोडू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मीही नसता मोडला.

९ डिसेंबर

लॅरिसाला मीच फोन केला. म्हटलं, त्या कानाच्या डॉक्टरची वेळ घे. पलीकडे बराच वेळ काही नाही. ती गप्प होती की बोलत होती, कोण जाणे.

गल्लीतल्या स्टिक लोकांनी आत घेतल्या. विल्फ विचारत होता, "मेलेला माणूस जिवंत निघाला म्हणे?" गावभर झालंय. हसू देत. माझी स्टिक बाहेरच आहे. असू दे, कोणाला अडचण नाही तिची.

१७ जानेवारी

कानांत यंत्रं बसली. दोन, वालाच्या दाण्याएवढी. बाहेर पडलो तर पायाखाली बर्फ करकरलं आणि मी दचकून मागे पाहिलं. कोटाच्या बाह्या घासतात. फ्रीज बोलतो. लॅरिसा म्हणाली, "तातो, ऐकू येतंय?" तिचा आवाज तिच्या आईवर गेलाय. कधीपासून?

घरात शिरलो तर तळघरातून कोणीतरी किंचाळतंय. धावत खाली गेलो. माझी स्वतःची भट्टी! बेअरिंग. गावाच्या भट्ट्या सांभाळणारा मी, आणि माझ्याच पायाखाली ही बिचारी किती महिने रडत होती देव जाणे. तासाभरात बदललं. मग मिसेस ओडगार्डना फोन करून म्हटलं, तुमचं बरोबर होतं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे." हेही स्वच्छ ऐकू आलं.

२ फेब्रुवारी

हॅल्डनशी सामना, आणि सकाळपासून हिमवादळ. रस्ते बंद. रद्द. मी नवी बॅटरी घालून, बूट बांधून दहा वाजल्यापासून तयार होतो.

२२ फेब्रुवारी

हॅल्डनला गेलो. खालच्या बाकावर उशी, उशीवर मर्डो, मांडीवर घंटा. मी मुद्दाम त्याच्यासमोरून गेलो. "काय मयत, तब्येत कशी?" तो म्हणाला, "काय बहिरोबा, आलास का ऐकायला?"

आम्ही तीन, ते शून्य. आमच्या गोलरक्षकानं जन्मात खेळला नसेल असा खेळ केला. विल्फ नाचत होता. मीही नाचलो. पण थोडं.

निघताना मर्डोनं सांगितलं, घर विकलं. थोरल्या मुलाकडे कायमचे चाललेत, पार समुद्राकाठी, जिथं बर्फ पडत नाही. एप्रिलच्या आत जायचं. "आपला शेवटचा सामना ९ मार्चला, तुमच्या रिंकवर," तो म्हणाला. "तेवढा बघतो आणि निघतो."

मी म्हटलं, तुमच्या पोरांना सांगा जरा खेळायला.

"तू कोणाच्या बाजूचा आहेस?"

मी विल्फला हाक मारली आणि गाडीकडे निघालो.

९ मार्च

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

आज जिंकणारा पुढे जाणार, हरणाऱ्याचा मोसम संपला. रिंकमध्ये मुंगी शिरायला जागा नाही. मी माझ्या जागेवर, शेजारच्या जागेवर तिचं पांघरूण घडी करून ठेवलेलं. यंत्रांमुळे सगळं ऐकू येत होतं. बुटांच्या पात्यांची बर्फावरची किर्र, पक म्हणजे ती रबरी चकती फळीवर आपटायचा ठोका, शिटी. शिटीत काही दोष नाही, पोरगं छान फुंकतं.

पहिल्या भागात आमचे दोन. दुसऱ्यात आणखी दोन. तिसऱ्यात पाचवा. पाच–शून्य! डोब्रिननं हॅल्डनला असं कधी धुतलं होतं आठवत नाही. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. विल्फ ओरडला, "काय रे, तुझं तोंड असं का?"

मी खाली पाहत होतो. मर्डो वाकून बसला होता, घंटा दोन्ही हातांत, लोळी बोटानं धरलेली.

तीन मिनिटं उरली. हॅल्डनची निम्मी माणसं कोट घालून निघाली होती. त्यांचा एक लुकडा पोरगा, एकोणीस नंबरचा, एकटाच जीव तोडून धावत होता. त्यानं एक मारला, आमच्या गोलरक्षकानं अडवला. दुसरा खांबाला लागला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरेरे!"

विल्फ वळला. "काय म्हणालास?"

"काही नाही."

पुन्हा एकोणीस. दोघांना चुकवून आला. मी उभा होतो. आयुष्यभर डोब्रिनच्या बाजूनं घसा फोडला, त्याच घशानं मी ओरडलो, "मार! मार रे बाळा!" आमच्या रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. विल्फनं माझी बाही धरली. "ऑरेस्ट, तो त्यांचा आहे!"

"माहीत आहे!" मी म्हटलं.

त्यानं मारला. पक गोलरक्षकाच्या खांद्यावरून जाळीत.

आणि घंटा वाजली.

किती भिकार आवाज! पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा. मी तसाच उभा राहिलो. मर्डो थांबेना. एका गोलाला एवढी घंटा त्यानं कधी वाजवली नसेल. पंचांनी त्याच्याकडे पाहिलं, तरी वाजवत होता, आणि बघत होता वर, माझ्याकडे.

"गाय हरवली का रे?" मी ओरडलो. आवाज मध्येच फाटला.

त्याला ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

खेळ संपला. दोन्ही संघांनी रांग करून हात मिळवले. मी पांघरूण उचललं आणि गाड्यांपाशी मर्डोला गाठलं. एफी गाडी गरम करत होती.

"आलं ऐकू?" त्यानं विचारलं.

"तुमच्या घंटेला चीर गेलीय, मर्डो. तोंडापाशी, एका बाजूला. म्हणून आवाज पुरा घुमत नाही, मध्येच तुटतो."

 त्यानं खिशातून घंटा काढून तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. "आहे खरी. आधीपासूनच आहे. ती म्हणाली होती, लहानपणी तिच्याच हातून विहिरीच्या दगडावर पडली, बापाला कधी सांगितलं नाही."

"मलाही नाही सांगितलं."

घंटा त्यानं खिशात ठेवली. मी मागितली नाही, त्यानं दिली नाही. ती त्याची आहे. तिनंच दिलीय त्याला. तिथं समुद्राकाठी कुठे गोल झाला तर वाजवील म्हणाला, टीव्हीसमोर बसून. मी म्हटलं, फोन करा तेव्हा, मी उचलीन. आता फोन बिघडत नाही.

घरी आलो. व्हरांड्यातला दिवा चालू होता. स्टिकवरचं बर्फ झटकलं आणि ती पुन्हा तिथंच ठेवली. बूट काढले. स्वयंपाकघरात येऊन चुलीपाशी ही वही उघडली.

पाच–एक. आम्ही जिंकलो.

त्यांचा एक झाला, सोल्वेग. फार सुंदर गोल होता.